पाचवा चर

आराखडा तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा कलमबाईने तो उघडण्याआधी चहा करून घेतला. रिकाम्या पोटी समास वाचायचे नाहीत, हा तिचा गेल्या महिन्याभरातला नियम होता.

तिचं काम काय, हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागे. शहरात कुठेही नवी इमारत उभी राहायची असली, की त्याआधी त्या जमिनीखाली जुनं काही दडलंय का ते पाहावं लागतं. पाहायचं म्हणजे खणायचं. आणि खणायच्या आधी कुठे खणणार, किती खोल, कोण, हाडं लागली तर कुणाला फोन करणार, निघालेली खापरं कुठल्या खोक्यात जाणार, हे सगळं लिहून मंजूर करून घ्यायचं. खणणारे वेगळे, लिहायची ती. बावीस वर्षं कलमं, उपकलमं लिहून लिहून तिचं मूळचं नाव ऑफिसात कुणी घेईनासं झालं होतं. घरच्या किराण्याच्या यादीतही तिच्या हातून एक पूर्णांक एक, एक पूर्णांक दोन असे आकडे पडत, आणि दुकानदार निमूटपणे त्याच क्रमाने माल काढून देई.

आराखडे मंजूर करणारे अधिकारी नगररचना खात्यात बसत. त्यांना सगळे समासराव म्हणत, कारण इतर लोक समास सोडतात आणि हे भरतात. बारीक टोकाची पेन्सिल, मुंगीएवढं अक्षर, आणि प्रत्येक ओळ वाचायची खोड. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर त्यांचे बहुतेक समास द्वंद्वच असत.

या वेळचं काम तसं साधं होतं. बसगाड्यांचा एक बंद पडलेला डेपो, त्याच्या जागी आरोग्यकेंद्र. डेपोच्या आधी तिथे कापड रंगवायचा कारखाना होता, त्याच्याही आधी काय होतं ते ठाऊक नाही. पहिल्या फेरीत एक्केचाळीस शेरे आले होते, दुसऱ्या फेरीत एकोणीस. आता तिसऱ्या फेरीत फक्त दोन होते, म्हणून कलमबाईला जरा हायसं वाटलं. मग तिने पहिला वाचला.

पान सतरावर तिने लिहिलं होतं, ‘जहाजाच्या फळ्या आढळल्यास त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात.’ समासात प्रश्न होता: ‘समुद्र कुठे आहे?’

समुद्र तीनशे किलोमीटरवर होता. जहाजं तिच्या आधीच्या कामातली, एका बंदराच्या आराखड्यातून उचललेला परिच्छेद तसाच चिकटला होता. कलमबाईने कपाळावर हात मारला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला दिसणार नाही अशा बेताने स्क्रीन वळवला.

दुसरा शेरा जास्त अवघड होता. ‘डेपो चालू असताना या आवारात कुठे काय खणलं गेलं, याची माहिती आराखड्यात नाही. कागद नसतील तर माणसांना विचारा.’

कागद नव्हतेच. डेपोचं कार्यालय हललं, त्यात नकाशे गेले. तेवढ्यात आर्किटेक्टचा फोन आला. आरोग्यकेंद्राचा नकाशा त्याने काढलेला होता, आणि त्याला पाया भरायची घाई होती.

“काय म्हणतंय तुमचं पुस्तक?” त्याने विचारलं. “प्रकाशन समारंभ कधी?”

“एकच धडा राहिलाय,” कलमबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिला आठवलं, की शहरात चाळीस वर्षं खणायचं मशीन चालवलेला एक माणूस तिला चांगला माहीत आहे. तिचे वडील. बावीस वर्षांत त्यांना तिने कामाबद्दल एकदाही काही विचारलं नव्हतं. घरच्या माणसाकडे संदर्भ म्हणून पाहायचं कुणाच्या मनात येतं?

आईबाबा तिच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. रविवारी सकाळी ती आराखडा घेऊन खाली उतरली. बाबांनी भिंग काढलं, पानं मोजली आणि म्हणाले, “एकतीस पानं? खड्ड्याला?”

“चार चर आहेत, बाबा.”

“म्हणजे खड्ड्यामागे पावणेआठ.” त्यांनी मधलंच एक पान उघडून मोठ्याने वाचलं. “‘यांत्रिक उत्खनन दातविरहित रुंद बकेटने, सातत्यपूर्ण पुरातत्त्वीय देखरेखीखाली करावे.’ हे काय?”

“बकेटला दात नकोत आणि आमचा माणूस शेजारी उभा हवा.”

“मग असंच लिही की. मशीनवाल्याने हे वाचलं तर तो दाताच्या डॉक्टरकडे जाईल.”

आई आत भाजी चिरत होती. ती हसली तो आवाज बाहेर आला. कलमबाईने त्या ओळीखाली खूण केली, कारण वाक्य खरंच तसं होतं.

बाबा नकाशाच्या पानावर आले आणि त्यांचा चेष्टेचा सूर गेला. बोट ठेवून म्हणाले, “हा तीन नंबर इथे कशाला काढलास?”

“जुन्या नकाशात तिथे कारखान्याची भिंत दिसते.”

“तिथे डिझेलची टाकी होती, चार मीटर खोल. मीच खणलेला खड्डा तो. तिथे तुला माझंच काम सापडेल, दुसरं काही नाही.”

कलमबाईने भराभर टिपून घेतलं. अर्ध्या तासात त्यांनी तिला गटारं, धुलाईचा हौद, केबलची नळी, सगळं दाखवलं. ज्या माहितीसाठी तिने चार कार्यालयांचे उंबरे झिजवले होते, ती खालच्या मजल्यावर पाय पसरून बसलेली होती.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं,” बाबा म्हणाले.

“कुठे झालं?” आईचा आवाज आला. ती सुरी हातात घेऊनच दारात येऊन उभी राहिली. “सांगा की आता तेही. सायकल स्टँडजवळचं.”

बाबांनी भिंग खाली ठेवलं. बराच वेळ ते नकाशाकडे पाहत राहिले, भिंगाशिवाय, म्हणजे त्यांना तो दिसत नव्हताच.

“चौतीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “पाईप टाकायचा होता. मीटरभर गेलो आणि बकेटचा आवाज बदलला. खडकाचा आवाज वेगळा असतो, विटेचा वेगळा. हा वेगळाच. मी उतरलो, हाताने माती बाजूला केली. खाली गोटे होते, मुठीएवढे, एकमेकांना घट्ट लावलेले. पंख्यासारखी नक्षी होती, आणि मधून पाणी जायला दगडी पन्हाळ. इतकं नेटकं काम मी कधी पाहिलं नव्हतं. सुपरवायझर साहेबांना बोलावलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, बुजव, पाईप बाजूने ने, आणि कुणापाशी बोललास तर काम तुझ्यामुळे थांबेल.”

“मग?”

“मग काय. बुजवलं.”

“आठ दिवस धड जेवले नव्हते,” आई म्हणाली. “मला वाटलं, यांनी माणूस पुरला की काय.”

कलमबाईने पेन खाली ठेवलं. “बाबा, मी बावीस वर्षं हेच काम करते. एकदाही नाही सांगितलंत?”

“तू हेच काम करतेस म्हणून तर नाही सांगितलं.”

सोमवारी तिने तिसरा चर हलवला, चौथा सायकल स्टँडच्या जागी नेला, जहाज बुडवलं आणि माहितीचा स्रोत म्हणून लिहिलं: ‘तोंडी माहिती, निवृत्त मशीनचालक (प्रस्तुत लेखिकेचे वडील).’ कंसातलं लिहू की नको याचा तिने बराच विचार केला. पण लपवलं असतं तर समासरावांनी ते कसंही हुंगून काढलंच असतं.

उत्तरात दोनच शब्द आले. ‘वडिलांना आणा.’

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आणि स्वतःचं जुनं हेल्मेट घेऊन डेपोवर आले. त्या हेल्मेटची मुदत संपलेली असल्याने त्यांना नवीन पिवळं घालावं लागलं. जुनं त्यांनी काखेत धरलं. समासराव टेप घेऊन उभे होते. कागदावर इतका जाच करणारा माणूस प्रत्यक्षात किडकिडीत आणि भिडस्त निघाला, याचं बाबांना नवल वाटलं.

“फाटकापासून बत्तीस पावलं,” बाबा म्हणाले. “पाईपचे नग मोजून ठेवायचो, तशी पावलंही मोजायचो मी.”

“कुठलं पाऊल, काका? आत्ताचं की तेव्हाचं?”

“तेव्हाचं लांब होतं.”

“किती लांब?”

यावर दोघांत पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी बाबांनी तेव्हासारखं चालून दाखवलं, समासरावांनी मागे मागे वाकून टेप लावला, आणि कलमबाई दूर उभी राहून आपण या दोघांनाही ओळखत नाही असा चेहरा करून पाहत राहिली. सायकल स्टँड कधीच पाडलेला होता. पण फाटक जागेवर होतं. खुंटी ठोकली गेली आणि आराखडा मंजूर झाला.

मंजूर होताना एक खटका उडालाच. सहाव्या कलमात कलमबाईने लिहिलं होतं, की गरज पडल्यास, अधिकाऱ्यांच्या संमतीने, दहा मीटरचा एक जादा चर घेता येईल. ती ओळ काढून टाका म्हणून आर्किटेक्ट दोनदा येऊन बसला. “चारात नाही सापडलं तर पाचव्यात काय सापडणार आहे?” तो म्हणाला. तिने त्याला चहा पाजला आणि ओळ तशीच ठेवली.

खोदाई सुरू झाली. मशीन चालवायला एक बाई होती, पस्तिशीची, दंड भरदार, बोलणं मोजकं. पहिल्या चरात कारखान्याच्या भिंतीचा पाया निघाला, त्याच्या कडेची माती अजून निळी होती. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात फुटक्या कपबश्या. चौथा बाबांचा. कुंपणाच्या आत यायला त्यांना परवानगी नव्हती, हेही तिच्याच कलमात होतं, म्हणून ते घडीची खुर्ची टाकून बाहेर बसले.

एक मीटर गेलं, दीड गेलं. खाली नुसती स्वच्छ पिवळी चिकणमाती, कुणाचा हात न लागलेली. चर रुंद केला. तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी आर्किटेक्ट आला, चरात डोकावला आणि म्हणाला, “मॅडम, आरोग्यकेंद्र आठवणींवर उभं करता येत नाही.” आवाज हळूच होता, पण कुंपण काही फार लांब नव्हतं. कलमबाईने वळून पाहिलं, तर बाबा खुर्ची मिटवत होते. न सांगता ते निघून गेले.

ती संध्याकाळी खाली गेली, तेव्हा ते टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता.

“नसेलच काही तिथे,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाचं डोकं. मला वाटत राहिलं असेल.”

चर रिकामा निघाल्याचं तिला इतकं वाईट वाटलं नव्हतं, तितकं हे ऐकून वाटलं. चौतीस वर्षं जी गोष्ट त्यांनी पोटात ठेवली, तिच्याच खरेपणाबद्दल त्यांना शंका यायला लागली होती.

“हो ना,” आई आतून म्हणाली. “आणि आठ दिवस उपास केलात तो काय माझ्या स्वयंपाकामुळे?”

कलमबाई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. “बाबा, पावलं सोडा. डोळे मिटा आणि मशीनमध्ये बसा.”

“काय नाटक आहे?”

“बसा तर खरं.”

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने हात आपोआप गुडघ्यांच्या वर आले आणि दोन्ही मुठी हवेत दांड्यांवर ठेवल्यासारख्या वळल्या. उजवी मूठ किंचित मागे गेली.

“समोर काय दिसतंय?”

“पाण्याची टाकी. तिची लोखंडी शिडी अगदी समोर. ऊन डोळ्यांवर येतंय, सकाळ आहे. डाव्या हाताला उपाहारगृहाचं दार, त्यातून बाई बादली ओततेय.” ते थांबले. डोळे उघडले. “थांब. टाकी समोर कशी? पुढच्या फाटकाने शिरलो तर टाकी पाठीमागे राहते.”

“मग?”

“त्या दिवशी पुढच्या फाटकात बस बंद पडली होती! मशीन मागच्या फाटकाने आत नेलं होतं. बत्तीस पावलं मागच्या फाटकापासून, पोरी!”

“पण सायकल स्टँड तर पुढे होता.”

“पुढे होता तो साहेब लोकांचा. कामगारांचा मागे.” बाबांनी कपाळ बडवून घेतलं. “दोन होते. दोन होते गं!”

आई दारात उभी होती. “आधीच मला विचारलं असतंत तर?” ती म्हणाली. “मी डबा घेऊन मागच्याच फाटकाशी यायचे.”

जादा चरासाठी समासरावांना कारण लिहून द्यावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कलमबाईने लिहिलं, की साक्षीदार दुसऱ्या फाटकाने आत आला होता, पाण्याच्या टाकीचे खांब अजून उभे आहेत, त्यांच्यावरून जागा नक्की करता येते, सोबत रेखाटन जोडलं आहे. सगळं मिळून सात ओळी, आणि ‘सातत्यपूर्ण’ हा शब्द एकदाही नाही. तासाभरात कागद परत आला. खाली सही होती. समास कोरा होता. तिने कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

पाचवा चर सुरू झाला, तेव्हा बाबा यायला तयार नव्हते. आईने त्यांना ओढून आणलं आणि त्यांच्या खुर्चीवर स्वतः बसली. आर्किटेक्टही हात बांधून उभा होता. भराव निघत गेला: विटांचे तुकडे, डांबर, एक चपटा झालेला डबा. मीटरभर खाली गेल्यावर मशीनवालीने बकेट वर घेतली आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

“इथे वाळू लागलीय,” ती म्हणाली. “चाळलेली. राडारोड्याखाली चाळलेली वाळू कोण टाकतं?”

समासराव चरात उतरले, गुडघ्यांवर बसले, चिमूट घेतली. विटकरी भरावाखाली वीतभर जाडीचा पिवळा थर, सगळीकडे सारखा. “पाईपची म्हणावी तर इथे पाईप नाही,” ते पुटपुटले. “पुराने आणून टाकली असावी. कारखान्यानंतर मोठा पूर आल्याची नोंद पाहायला हवी. बाई, लिहून घ्या, संभाव्य पूर…”

कुंपणाबाहेरून खोकल्याचा आवाज आला.

“साहेब,” बाबा म्हणाले, “पूर नाही. मी.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

“सुपरवायझर साहेब जेवायला गेले होते. पाईपखाली घालायची वाळू पडली होती. वरून विटा-दगड टाकायचे, म्हटलं खालचं काम खरचटेल. अर्धी ट्रॉली फावड्याने पसरली. पाईपला मग वाळू कमी पडली, तर तो तसाच बसवला. तेवढं साहेबांना कळलं नाही.”

आई खुर्चीवरून उठली. “हे मला नाही सांगितलंत,” ती म्हणाली.

“काय सांगायचं? पाईप नीट बसवला नाही, हे?”

समासराव चरातून वर पाहत होते. त्यांच्या हातात पेन्सिल होती आणि ती काही लिहीत नव्हती. “काका,” ते म्हणाले, “जुनं काम झाकताना आधी वाळू पसरा, एवढं लोकांच्या गळी उतरवायला मी प्रत्येक आराखड्यात चार शेरे मारतो.”

मग त्यांनी आणि कलमबाईने ब्रश घेतले. वाळू सहज निघत होती. खाली गोटे होते, मुठीएवढे, पंख्यासारखे मांडलेले, एकही निखळलेला नाही. मधून दगडी पन्हाळ गेली होती आणि गोट्यांच्या फटींत निळा रंग मुरलेला होता. कारखान्याच्या कितीतरी आधी कुणी रंगारी इथे ओलं कापड आपटत, पिळत होते. नियम बाजूला ठेवून समासरावांनी स्वतः कुंपणाचं दार उघडलं. बाबा चराच्या काठाशी आले आणि उकिडवे बसले. आर्किटेक्टने खिशातून फोन काढला, फोटो काढला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन आणखी एक काढला.

नोंदवहीत प्रत्येक थराला नंबर द्यावा लागतो. कलमबाईने लिहिलं: ‘थर ५०३. पिवळी वाळू, चाळलेली. जाडी वीस सेंटिमीटर. हेतू: खालच्या फरसबंदीचं संरक्षण. पसरवणारा: मशीनचालक, स्वतः हजर.’

बाबांनी भिंगाने वाचलं. “मी थर झालो म्हणजे.”

“हो. तुमच्या वर भराव आणि खाली रंगारी.”

“आणि ते सुपरवायझर साहेब कुठल्या थरात?”

“भरावात,” आई म्हणाली.

पुढच्या गोष्टी कुरकुरत पण झाल्या. लिफ्टचा खड्डा नेमका फरसबंदीवर येत होता. तो सहा मीटर सरकवावा लागला. आर्किटेक्टने तीन दिवस तोंड पाडून नकाशा बदलला. मग त्यात रुग्णांच्या बसायच्या खोलीखाली जुनी फरसबंदी जपून ठेवल्याचं दाखवलं, आणि पुढच्या बैठकीत ही कल्पना आपल्याला आधीपासूनच होती असं सांगितलं. कलमबाईने मान डोलावली. तिच्या अनुभवात आर्किटेक्टला आधीपासून असलेल्या कल्पना या नेहमी नंतरच येत.

मोजमापं झाली, फोटो झाले, आणि फरसबंदी पुन्हा झाकायचा दिवस आला. आधी कापड, त्यावर वाळू. मशीनवालीने बकेट भरून घेतली, मग इंजिन मंद करून बाबांकडे पाहिलं.

“काका, बसता? मी उतरते.”

बाबांचा हात दाराच्या दांडीवर गेलासुद्धा.

“नाही बाबा,” कलमबाई म्हणाली. “अकरा पूर्णांक तीन. मशीन फक्त परवानाधारक चालकानेच चालवायचं.”

“कुणी लिहिलंय?”

“मी.”

“एकतीस पानांत एवढी एक ओळ गाळता आली नाही तुला?” बाबा म्हणाले. समासरावांकडे त्यांनी आशेने पाहिलं. समासराव घाईने आपला टेप गुंडाळायला लागले.

मग बाबा चराच्या टोकाशी, मशीनवालीला दिसतील असे उभे राहिले आणि हात वर करून तिला खुणा करू लागले. खाली. आणखी खाली. हळू. बकेट अलगद उतरत होती. मधेच त्यांनी दोन्ही मुठी छातीशी आणून एकमेकींवर आपटल्या. मशीनवाली गोंधळली, थांबली, खिडकीतून ओरडली, “काका, ही खूण आता नाही वापरत!”

“मग ‘बास’ कसं म्हणता?”

तिने दोन्ही हात बाहेर काढून तळवे पालथे, आडवे पसरून दाखवले. बाबांनी तसं एकदा करून पाहिलं, कोपर सरळ केलं, आणि पुन्हा केलं. “चालेल,” ते म्हणाले. “भर पुढची.”